बिनजाडीची भिंत

एका बंदरावर लवू नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगाल ते करायचा. सांगाल तसंच करायचा. तीच तर पंचाईत.

उधाणाच्या लाटा दरवर्षी तिथल्या होड्या फोडायच्या. लवूच्या थोरल्या बहिणीची, बायजाची, एकच होडी. तिच्यावरच दोघांचं पोट. यंदा शहरातून गणिताच्या बाई आल्या. पाण्यात पातळ भिंत घातली तर लाट किती अडेल, ते कागदावर मांडायच्या. हाताखाली घेतलं लवूला. दुसरं कोणी रिकामं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "सुताराला फळ्या सांगून ये. भिंत इतकी पातळ, की मी तिला जाडीच नाही असं मानलंय."

लवू सुताराला म्हणाला, "बिनजाडीच्या फळ्या दे."

सुतार बेरकी. "तयारच आहेत. घे, सांभाळून ने."

लवू रिकामे हात पसरून गावातून आला. वाटेत लोकांना म्हणे, "बाजूला व्हा, लागेल."

"अरे, ते कागदावर," बाई म्हणाल्या. "खरी वस्तू हातात धरून मोजावी."

दुसऱ्या दिवशी त्याला लाटांची उंची मोजायला धाडलं. गडी टेप घेऊन लाटेच्या गळ्यातच पडला. चौथ्या लाटेनं त्याला वाळूत पालथा टाकला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "सगळ्या कशाला धरतोस? एक मोजायची, बाकीच्या तशाच मानायच्या."

भिंत उभारायला वीस गडी आले. बायजा म्हणाली, "कोण किती भाकऱ्या खाणार, विचारून ये."

लवूनं पहिल्याला विचारलं. त्याचा उपास होता. "आक्का, कोणीच खाणार नाही."

चूल पेटली नाही. दुपारी एकोणीस गडी बायजाच्या नावानं खडे फोडत बसले.

"मेल्या," बायजा म्हणाली, "एकेकाला वेगळं विचारायचं. माणूस आधी लाजतो, दारातून मागे फिरतो. आग्रह करून आत आणायचं."

"बरं," लवू म्हणाला.

भिंत झाली. खांबांच्या खाचांत फळ्या बसल्या. आत सगळ्या होड्या, पुढ्यात बायजाची. उधाण आलं. लाट यायची, फळीवर आपटायची, मागे फिरायची. बाईंचं गणित बरोबर निघालं. लवूला भिंतीवर राखण बसवून बाई नि बायजा चहा प्यायला गेल्या.

परत येऊन बघतात तर भिंतीला हे भगदाड.

"फळ्या कुठे गेल्या?" बाईंनी विचारलं.

"मीच काढल्या. सगळ्या लाटा दारातून मागे फिरत होत्या. एकेकीला विचारलं. फार लाजत होत्या. दार उघडलं तेव्हा कुठे आत आल्या."

"आणि माझी होडी?" बायजा म्हणाली.

"ती गेली पाहुण्यांना पोचवायला."