आधीच लिहिलेले वाक्य

पूर्वी नील नदीच्या काठी मिसर देशात सेनखू नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या दरबारात दुभाष्याचे काम करीत असे. राजा भारी संशयी. कालवणात मीठ जास्त पडले तरी यामागे कोण आहे, असे विचारी. परक्या भाषा त्याला येत नव्हत्या, म्हणून त्याने एक रीत घातली होती. दूत बोले, बोधिसत्त्व अर्थ सांगे, आणि पडद्याआड बसलेली हेनुत नावाची दुसरी दुभाषी आपण ऐकलेला अर्थ खापरीवर लिही. दोन्ही जुळले नाहीत, तर राजाला जो खोटा वाटेल त्याची जीभ कापायची.

हेनुतला भांडे पडले तरी धस्स होई. पण या कामात ती निर्धास्त होती. कोणत्याही राजाने भेट पाठवली तरी तिला खंडणीच म्हणायचे, हा दरबारचा शिरस्ता. दूत काहीही बोलो, बोधिसत्त्व सांगे, आमचा राजा आपल्या चरणांशी खंडणी ठेवतो. अकरा वर्षे हेच. पुढे पुढे दूताने तोंड उघडण्याआधीच हेनुत ते वाक्य लिहून मोकळी होऊ लागली.

एके दिवशी उत्तरेच्या डोंगराळ राज्याचा दूत आला. हेनुत लिहून बसलीच होती. दूताचे बोलणे संपल्यावर बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, त्यांचा राजा म्हणतो, मी भाऊ म्हणून भेट पाठवतो आणि ती खंडणीच्या ढिगात पडते. यंदाही तसेच झाले, तर पुढच्या वर्षी दूत येणार नाही, सैन्य येईल."

दूत खरोखर हेच बोलला होता. हेनुत शाई पुसणार, तोच सेवकाने खापरी उचलून नेली.

खापरी वाचली गेली तसा प्रधान हसला. "दुभाषेबुवा, तुमची आजी त्याच डोंगरातली ना?"

राजाने बोधिसत्त्वाकडे रोखून पाहत विचारले, त्यांनी तुला काय कबूल केले आहे? आता हा आपल्याकडे बोट दाखवणार, असे हेनुतला वाटले.

"काही नाही, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "तिने लिहिले ते मीच अकरा वर्षे सांगत आलो. रीत म्हणून सांगितले, पण ते खोटे होते. तिला ती सवय माझ्यामुळे लागली. जीभ माझी घ्या, पण दूताला उत्तर आधी द्या. नाहीतर सीमेवरची गावे जळतील."

जीभ कापायला जल्लाद पुढे झाला. गप्प बसली असती तर हेनुत सुटली असती. पण ती पडद्याबाहेर आली.

"आज मी ऐकून लिहिले नाही, महाराज. कितीतरी दिवस ऐकून लिहीत नाही. हे म्हणतात ते खरे आहे."

राजा एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. दोघांपैकी कोणीच स्वतःला वाचवत नव्हते, तेव्हा संशय तरी कोणाचा घ्यायचा, हे त्याला कळेना. शेवटी त्याने विचारले, "मग बाकीचे राजे इतकी वर्षे मला काय म्हणत होते?"

त्याने जल्लादाला घालवून दिले. उत्तरेची भेट ढिगातून उचलून आपल्या आसनाजवळ ठेवायला लावली, आणि दूताकडून त्या राजाला भाऊ म्हणून निरोप धाडला. मग बाकीच्या राजांचे खरे बोलणे आठवेल तेवढे सगळे त्याने बोधिसत्त्वाकडून ऐकून घेतले. त्याला तीन दिवस लागले. त्यांतले दोन राजे केव्हाच मरून गेले होते. त्यांचे म्हणणे त्याने खाली मान घालून ऐकले.

ही जुनी गोष्ट भिक्षूंना सांगून त्यांचे गुरू शास्ते म्हणाले, "काल संशयाने सोबत्याची झोळी उघडून पाहणारा भिक्षू कुंडधर तेव्हा राजा होता. भिक्षुणी वसुला ही हेनुत. दुभाष्या मीच होतो. दुसऱ्याला पुढे न ढकलता बोललेले खरे, हीच सत्याची परिपूर्णता, सत्यपारमिता."