भरलेली टाकी, कोरडं पातं

फार फार जुनी गोष्ट आहे. आता तुम्ही विचाराल, एवढ्या जुन्या गोष्टीत यंत्राची करवत कुठून आली? आली कुठून तरी! गोष्ट मी सांगतोय, तुम्ही ऐका.

एका रानात भिवबा नावाचा माणूस लाकडं कापून एकटाच राहायचा. बायको देवाघरी गेलेली, मुलगी येसू डोंगरापलीकडच्या गावात दिलेली. येसूला लेक झाली तेव्हा भिवबानं सागवानी पाळणा केला, त्यावर राघू कोरले आणि पाळणा माळ्यावर ठेवून दिला. नात चालायला लागली तरी पाळणा माळ्यावरच. कधी निरोप धाडला नाही की स्वतः गेला नाही. "माझ्या मनात माया आहे ना, मग झालं तर," असं तो भिंतीला सांगायचा. दुसरं ऐकायला होतं कोण?

एकदा वादळात खिंडीतला भला थोरला ऐनाचा वृक्ष उन्मळून आडवा पडला. गाडी यायची वाट ती एकच. दोन दिवसांनी बाळाक्का धनगरीण मेंढरं घेऊन कड्यावरच्या पायवाटेनं उतरली.

"भिवबा, येसू उद्या गाडीनं येतेय, पोरीला घेऊन. खिंडीत झाड पडलंय हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, बाबांकडं करवत आहे. मी यायला हवी असेन तर कापतील. नाहीतर समजेन, मी नकोय."

भिवबा करवत घेऊन खिंडीकडं पळाला. वीतभर लाकूड कापलं नाही तोच पात्यातून धूर निघाला आणि साखळी अडकून बसली. त्यानं साखळी आवळली, दातांना कानस मारली. दिवस मावळला तरी धूर काही थांबेना. करवत उचलून तो कोसभर चालत घरी आला.

सकाळी बाळाक्कानं त्याला अंगणात करवतीशी झटताना पाहिलं.

"पात्याला तेल मिळत नाही का रे?"

"मिळत नाही? टाकी बघ, काठोकाठ आहे! मागल्या बाजाराला भरली, अजून थेंबभर उतरली नाही. एवढं जपून वापरणारा दुसरा दाखव बघू."

म्हातारी खवळलीच. "अरे शहाण्या, तेल उतरत नाही म्हणजे ते पात्यापर्यंत पोचतच नाही!"

हे मान्य करायला भिवबाला दुपार झाली. काय म्हणावं या माणसाला! शेवटी त्यानं पातं उतरवलं. तेल यायच्या भोकात भुसा आणि तेल मिळून घट्ट गोळा बसला होता. बाभळीच्या काट्यानं त्यानं भोक मोकळं केलं, पात्याची खाच खरवडली. मग करवत सुरू करून पात्याचं टोक पांढऱ्या दगडासमोर धरलं, तशी दगडावर तेलाची बारीक रेघ उमटली.

मग मात्र ऐन सरसर कापला गेला. ऊन कलता कलता शेवटचा ओंडका बाजूला झाला.

पलीकडं मातीत गाडी वळल्याच्या खुणा होत्या. बैल बराच वेळ उभे राहिले असावेत, शेण वाळत आलं होतं. फांदीला एक फडकं बांधलेलं होतं आणि त्यात भिवबाच्या आवडीचे चार तिळाचे लाडू होते. करवतीचा आवाज येतोय का, याची वाट बघून येसू परत गेली होती.

भिवबा ओंडक्यावर बसून ढसाढसा रडला. "टाकी भरलेली होती गं पोरी," एवढंच म्हणत राहिला.

मग तो घरी गेला, माळ्यावरून पाळणा काढला, डोक्यावर घेतला आणि मोकळ्या खिंडीतून चालू लागला. नात आता त्या पाळण्यात मावणार नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. येसूनं दार उघडलं का, ते मला माहीत नाही. पण तो स्वतः गेला, एवढं बाळाक्कानं कड्यावरून पाहिलं.

तात्पर्य: मनात साठवलेली माया ज्याची त्याला वेळेवर पोचली नाही, तर तिचा उपयोग कुणालाच होत नाही.