‘थांब’ शिकवणारी ठमाआत्या

फार फार वर्षं झाली. नदीवर पूल नव्हता आणि बांबरवाडीला जायचं तर गुडघाभर पाण्यातून जावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. गावाच्या खालच्या अंगाला बुरुडांची चार घरं होती आणि शेवटच्या घरात ठमाआत्या राहायची. सुपं विणायची, रोवळ्या विणायची, अडल्यानडल्या बाईचं बाळंतपण करायची. तिच्या तळव्यांना कान होते, असं म्हणतात. बाईच्या पोटावर हात ठेवला, की आत कुठं काय आवळलंय ते तिला ऐकू यायचं.

त्याच गावात केरबा नावाचा तरुण होता. हात आधी आणि डोकं मागून, अशी त्याची रीत. शाळेत चार महिने गेला, मास्तरांनी छडी उगारली तशी खिडकीतून उडी मारून आला तो परत गेलाच नाही. त्याची थोरली बहीण सुंद्राक्का जाऊन अजून पंधरा दिवस झाले नव्हते. नवऱ्याजवळ जाताना तिला सुरी फिरवल्यासारखं दुखायचं. सासरच्यांनी बाधा ठरवली, देवऋषी बोलावला. त्यानं तापल्या सळईनं डाग दिले. डाग चिघळले, ताप चढला, आणि नवव्या दिवशी सगळं संपलं. चितेची राख निवायच्या आत केरबा कुऱ्हाड घेऊन मेहुण्याच्या गावाला निघाला होता. चौघांनी धरून माघारी आणला.

आणि आता त्याच्या स्वतःच्या घरात तेच. बायको अनशी, वीस सरून एकविसावं लागलेली. लग्नाला आठ महिने झाले होते, आणि केरबा जवळ आला, की तिचं सगळं अंग दगड व्हायचं. ती दात आवळून पडायची, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि केरबा कुणावर तरी चिडून बाहेर निघून जायचा. सुंद्राच्या बाराव्या दिवशी त्याच्या आईनं बायकांसमोर तोंड उघडलं. “माझ्या लेकीला धरलं होतं, तेच आता सुनंला धरून बसलंय. देवऋषी येणार हाय अवसेला.”

अवस अकरा दिवसांवर होती.

 केरबा जेवायला बसला की त्याला सळईचा वास यायचा. अनशी भाकरी थापताना सारखी दाराकडं बघायची. शेवटी तीच म्हणाली, “मला ठमाआत्याकडं न्या.” ते नाव ऐकून केरबाची मान खाली गेली. पण तो उठला.

ठमाआत्या अंगणात बसून बांबूच्या कांबट्या काढत होती. तिनं अनशीला आत नेलं, दार लोटलं आणि केरबाला म्हणाली, “तू हितंच बस.”

आत तिनं अनशीला पाठीखाली वाकळ घालून निजवलं, गुडघ्यांखाली गुंडाळी दिली. ओटीपोटाच्या खाली बाईच्या अंगात झोळीसारखं मांस असतं, ती सांगायची. भ्यालं, की ती झोळी आवळते. आवळली की दुखतं, दुखलं की पुन्हा भ्यायचं, भ्यालं की पुन्हा आवळायचं. “ही बाधा न्हवं, पोरी. हे तुझंच मांस हाय, तुझी राखण करतंय. राखणदार भ्यालाय, त्याला कुणी सांगितलंच न्हाई की आता निजायला हरकत न्हाई.”

पण झोळीला तिनं हातही लावला नाही. तिनं अनशीच्या खांद्यावर बोट टेकवलं आणि म्हणाली, “थांब म्हण.”

अनशी म्हणाली, “थांब.” बोट उचललं गेलं.

“पुन्यांदा म्हण. जोरात.”

बाहेर केरबा कान देऊन बसला होता. त्याला फक्त बायकोचा आवाज ऐकू येत होता. थांब. थांब. थांब! त्याच्या डोळ्यांपुढं सळई आली. त्यानं काही विचारलं नाही. दार ढकलण्याइतकाही धीर त्याला धरवला नाही, तो सरळ दाराशेजारची कुडाची भिंत फोडूनच आत घुसला. काट्याकुट्या, माती, शेण सगळं अंगावर घेऊन उभा राहिला.

अनशी वाकळेवर बसली होती, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा हसत होती.

“आलास व्हय बहाद्दरा?” ठमाआत्या म्हणाली. “दाराला कडी न्हवती रं. कूड कशाला फोडलास?”

“ती थांब म्हणत होती!”

“आन् मी थांबत होते. तू कधी थांबलायस?”

 केरबा धुसफुसत म्हणाला, “तुमी बुरुडं बांबू पाण्यात भिजत घालता, मग तो वाकतो. तसं काहीतरी करा की हिला. दिवस थोडं हायेत.”

“बांबूला इचारावं लागत न्हाई,” ठमाआत्या म्हणाली. “बाईला लागतं.” मग तिनं आवाज उतरवला. “सुंद्रा दोनदा आली होती माझ्याकडं. तिसऱ्यांदा आली तवा तिच्या भावानं हितनं, ह्या अंगणातनं, दंड धरून उचलली आन् सासरला घालवली. बुरडिणीच्या घरात आमची बहीण कशाला, म्हणाला. ती ह्याच दारात थांब म्हणत होती.”

केरबाला आठवलं. सगळं आठवलं. सुंद्राच्या काकणाची काच त्याच्या तळहातात घुसली होती, तेही आठवलं. तो फुटक्या कुडाजवळ मातीत बसला आणि बहीण गेल्यापासून पहिल्यांदा रडला. इतका रडला, की अंगणातल्या भिजत घातलेल्या बांबूंचं पाणी काठोकाठ चढलं, असं म्हणतात.

त्या दिवसापासून अनशी रोज जायची. गरम पाण्याच्या घंगाळात बसायची. पोटापर्यंत श्वास घ्यायची आणि गरम पेजेवर फुंकर घालावी तसा सावकाश सोडायची, जबडा ढिला सोडून, कारण वर दात आवळले की खाली झोळी आवळते. आत्या कमरेला, मांड्यांना तेल चोळायची, ते अनशीला विचारून. नंतरचं काम अनशीनं स्वतःच्या हातानं, एकटीनं, दार लावून करायचं होतं. आधी करंगळी, मग मेणाची बारीक वात, मग तिच्याहून जरा जाड. दुखलं की थांबायचं. कुणी विचारायचं नाही, कुणी मोजायचं नाही.

केरबाला रोज संध्याकाळी विचारावंसं वाटायचं. झालं का? बरं वाटतंय का? शब्द ओठांवर यायचे आणि तो ते गिळायचा. सातव्या दिवशी मात्र त्याला राहवलं नाही. “अनशे, अवस चार दिवसांवर आली,” एवढंच म्हणाला. ती त्याच्या डोळ्यांदेखत दगड झाली. पुढचे दोन दिवस तिला खोल श्वाससुद्धा घेता आला नाही. आपण पुन्हा एकदा दंड धरला, हे केरबाला कळलं, आणि तो स्वतःच्याच तोंडात मारून घेत गोठ्यात बसला.

अवसेला सकाळीच देवऋषी आला. अंगणात शेगडी पेटली, सळई तापत पडली. अनशी बरी झाली नव्हती. केरबाच्या आईनं तिला हाक मारली.

केरबा उंबऱ्यात आडवा उभा राहिला. या वेळी त्यानं कुऱ्हाड घेतली नव्हती. “आयं, पोरीला डाग दिलं आन् पोरगी गेली. बाधा मी होतो. मी तिला माघारी लावली. डागायचं तर मला डागा.”

“सरक, येड्या,” आई म्हणाली, पण तिचा आवाज फाटला.

तेवढ्यात ठमाआत्या आली आणि अनशीचा हात धरून अंगणात बसली. “बाधा असंल तर ती एकीला नसंल,” ती म्हणाली. “जिला जिला असं दुखतंय, दुखलं होतं, तिनं हितं येऊन बसा. एकदाच सगळ्यांस्नी डागू द्या ह्या देवऋषीला.”

आधी कुणी हललं नाही. मग पाटलांची धाकटी सून आली. मग कासारीण. मग तीन लेकरांची आई असलेली सुताराची बायको. एकेक करत अंगण भरलं, बायका रस्त्यावर बसल्या. आणि शेवटी केरबाची आई, साठीची म्हातारी, पदर तोंडात धरून सुनेशेजारी खाली बसली. तिनं चाळीस वर्षांत ते कुणाला सांगितलं नव्हतं.

ठमाआत्या म्हणाली, “सोडा श्वास.” आणि त्या सगळ्यांनी एकदम, सावकाश, पेजेवर घालावी तशी फुंकर सोडली. फुंकरीनं निखारा फुलतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या फुंकरीनं शेगडीतले निखारे विझले, सळई काळी पडली आणि तिच्यावर दव साठलं, असं म्हणतात. देवऋषी वहाणा हातात घेऊन नदी ओलांडून गेला तो पुन्हा बांबरवाडीत दिसला नाही.

अनशीला बरं व्हायला पुढं दिवाळी गेली, संक्रांत गेली. केरबानं विचारलं नाही. एके दिवशी तिनंच त्याला हाक मारली. त्यांच्या पहिल्या लेकीचं नाव आजीनं सुंद्रा ठेवलं.

ठमाआत्या कधी गेली ते कुणी सांगत नाही. ती मेलीच नाही, बाईबाईच्या तळव्यात वाटली गेली, असं म्हणतात. आता तालुक्याच्या दवाखान्यात हेच व्यायाम शिकवणाऱ्या शिकलेल्या बाई बसतात. बांबरवाडीच्या पोरी त्यांनाही आत्याच म्हणतात, आणि त्या हसून ओ देतात.

आणि गावात आजही एक रीत पाळतात. लग्नानंतर लेक पहिल्यांदा माहेरी आली, की तिला परत पोचवायला निघालेला भाऊ बुरुडाच्या अंगणात तिच्यापुढं जमिनीवर बसतो. दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवतो आणि ठमाआत्याचं नाव घेऊन एकदाच विचारतो, “अक्का, तुला जायचंय का?”

मग तो काही बोलत नाही. कधी ती लगेच हो म्हणते. कधी ऊन भिंतीवरून उतरून पायरीवर येतं, तरी ती गप्पच असते. भाऊ बसून राहतो.