पंख्यावरचं नाव

गावात वीज नवी नवी आली होती, त्या काळची गोष्ट. मशिदीत पहिला पंखा लागला. तो देणाऱ्या मुनीरशेठनी पात्यांवर लाल रंगात आपलं नाव रंगवून घेतलं होतं.

रमजानच्या भर दुपारी पंखा एकदम थांबला. खाली बांग देणारे म्हातारे कासमचाचा रोजा धरून नमाज पढत होते. त्यांचा घाम जुन्या चटईवर टपटपायला लागला, तशी चटई भडकली.

"का रे, थांबलास का?"

"फिरलो की नाव कुणाला वाचता येत नाही," पंखा म्हणाला.

"मग घाल ते नाव चुलीत. खाली म्हातारा माणूस उकडून निघतोय आणि तुला मिरवायचं पडलंय. इथे लोक कपाळ टेकायला येतात."

तेवढ्यात शेजारी बसलेल्या मुनीरशेठनी वर पाहिलं. स्वतःचं नाव त्यांना स्पष्ट वाचता आलं. मग घामाने निथळणारे चाचा दिसले. शेठ उठले, शिडीवर चढले आणि त्यांनी रॉकेलच्या फडक्याने नाव घासून काढलं.

पंखा हिरमुसला. "आता मला कुणी दिलं, हे कसं कळणार?"

"ज्याच्या घरात टांगलायस, त्याला ठाऊक आहे," चटई अजून धुसफुसतच होती. "फिर आता."