तसबिरीसारखी बनू

फार फार जुनी गोष्ट आहे. थोरल्यांनो, तुम्हीही ऐका. खरं म्हणजे तुम्हीच ऐका.

एका राजधानीत एक कासारीण राहायची. राणीच्या हातात बांगड्या भरायला ती महालात जाई. तिथे तिने छोट्या राजकन्येची तसबीर पाहिली. ताठ पाठ, मिटलेले ओठ, मांडीवर ठेवलेले हात. कासारीण भाळलीच! चिताऱ्याकडून तिने तशीच दुसरी काढून घेतली आणि ओसरीवर, दारासमोर टांगली. घर कसं उजळून निघालं.

इथवर ठीक होतं. पण तिला सात वर्षांची एक लेक होती, बनू. पायाला भिंगरी लागलेली आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. कासारीण रोज जेवणाआधी तिला तसबिरीसमोर बसवू लागली. "बघ, कशी बसलीय ती! तू तशी बसलीस की ताट वाढीन."

भूक कुणाला चुकलीय? पोर बसायला शिकली. शेजारणी म्हणाल्या, "काय गुणाची झाली गं!" आई फुलून गेली. पण चार महिन्यांत बनू हसेनाशी झाली, मग जेवायलाही मागेना. नुसती बसून राही. वैद्याने नाडी पाहिली आणि म्हणाला, "रोग काही दिसत नाही." 

राजकन्येला पाहून तरी पोर खुलेल, म्हणून आई बनूला महालात घेऊन गेली. पाहते तर काय, राजकन्या पेरूच्या झाडावर! गुडघे खरचटलेले, परकर फाटलेला. हाका मारमारून दासींचे घसे बसले होते.

"अगं बाई! बाईसाहेब, तसबिरीत तर किती शांत बसलाय तुम्ही," कासारीण म्हणाली.

"तेव्हा ताप होता मला," राजकन्या वरूनच ओरडली. "उठवतच नव्हतं. म्हणून तर सापडले चिताऱ्याला!"

कासारणीने वळून लेकीकडे पाहिलं. तीच ताठ पाठ, तेच मिटलेले ओठ.

"देवा रे! आजारी पोरीचा कित्ता पुढे ठेवून मी माझी धडधाकट पोर आजारी पाडली," म्हणत ती तिथेच रडू लागली. "जा गं माझे बाई, तूही चढ झाडावर."

बनू जागची हलली नाही. त्या दिवशी नाही आणि त्या महिन्यातही नाही. आई रोज तिला मांडीवर घेऊन भरवायची, गाणी म्हणायची, वाट बघायची. बनू पुन्हा खळखळून हसली, त्याला पुरतं वर्ष लागलं. सवय लावायला चार महिने आणि मोडायला वर्ष, असं असतं हे!

तेव्हा एवढंच ध्यानात ठेवा: घर सजवायला तसबीर खुशाल लावा, पण पोटच्या लेकराला तिच्या मापाने घडवू नका.