हत्तुरे साहेबांची काळी गाडी

सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत गच्चीवर पाणी तापवणारा सोलर बसवायचा, एवढ्या एका ठरावासाठी दोन सभा वाया गेल्या होत्या. तिसरी पार्किंगमध्ये भरली, तोवर आमचं डोकं उठलं होतं. अध्यक्ष हत्तुरे साहेब निवृत्त अभियंता. त्यांचा हेका एकच, तांब्याच्या नळ्यांची चपटी पेटीच हवी. काचेच्या नळ्यांचा सोलर म्हणजे त्यांना खेळणं वाटायचं.

"साहेब, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. तांब्याच्या बारीक नळ्या तुंबतील. काचेच्या रुंद असतात, काढून साफ करता येतात," तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या येमूलबाईंनी पुन्हा एकदा सांगितलं.

"पाण्याला काहीही झालेलं नाही!" साहेब गरजले. "अभियंता मी आहे की तुम्ही?"

येमूलबाई उठल्या. त्यांनी बोअरच्या नळाखाली बादली भरली, फडका बुडवला आणि तडक साहेबांच्या नव्या काळ्या गाडीकडे निघाल्या.

"अहो, थांबा!" साहेब खुर्चीवरून उठून धावले. "त्या पाण्याचे पांढरे डाग पडतात! माझ्या गाडीला फक्त पिण्याचं पाणी वापरतात!"

बाईंनी बादली खाली ठेवली. "हाताने पुसता येणारे डाग तुम्हाला सोसत नाहीत, साहेब. मग जिथे हातच पोचत नाही, त्या नळ्यांच्या आतले आम्ही कशाने पुसायचे?"

साहेबांनी गुपचूप वही ओढली आणि काचेच्या नळ्यांचा ठराव लिहिला. सूचक म्हणून नाव मात्र स्वतःचंच घातलं!