कोणत्या कडाबिनीसमोर?

एका लहानशा संस्थानाच्या पहारेकऱ्यांकडे स्वस्तातल्या कडाबिनी होत्या. या आखूड बंदुका ऐनवेळी उडतच नसत. घाटात लुटारूंशी गाठ पडली तेव्हा दोन शिपाई हकनाक मेले.

सरदार भुजंगरावांनी फर्मावलं, "सगळ्या कडाबिनी चांदीने मढवा. हत्यार कसं भारी दिसलं पाहिजे!"

शस्त्रागारातला म्हातारा दावल शिकलगार म्हणाला, "सरकार, तेवढ्याच खर्चात सगळ्यांच्या ठिणगी पाडणाऱ्या चकमकी बदलून होतील."

"चकमकीने कुठे किंमत वाढते?"

दावलने एक कडाबीन चांदीने मढवली, दुसरीची फक्त चकमक बदलली. मैदानात सरदारांसमोर त्याने दोन्ही दहा-दहा वेळा झाडून पाहिल्या. चांदीची चारदा उडाली, साधी दहाही वेळा.

"तरी किंमत चांदीचीच जास्त," भुजंगराव हटून बसले.

"हत्याराची किंमत समोरच्याला विचारावी, सरकार. घटकाभर आपणच लुटारू व्हा. यातल्या कोणत्या कडाबिनीसमोर उभे राहाल?"

"चांदीच्या," भुजंगराव बोलून गेले, आणि आपलेच शब्द ऐकून थबकले.

साधी कडाबीन दावलच्या हाती देत ते म्हणाले, "दावल, आजच कामाला लाग."